पोलाकांचा कप

लाइपझिग, १२ जानेवारी २०२५

प्रिय आजोबा,

तुम्हाला फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. कितीदा केला, प्रत्येक वेळी तुम्ही "कोण बोलतंय?" म्हणून ओरडलात आणि ठेवून दिलात. कानातलं यंत्र डॉक्टरांनी काय डबीत जपून ठेवायला दिलंय का? म्हणून आता हे पत्र. चष्मा लावून नीट वाचा.

बातमी मोठी आहे. १४ मार्चला आपल्या गल्लीत, तुमच्या खिडकीच्या अगदी समोर, नाझींनी नेलेल्या ज्यू पोलाकांच्या जुन्या घरापुढच्या फरसबंदीत पितळी दगड बसणार आहेत. माणशी एक दगड. त्यावर नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. समितीने तरुणांच्या वतीने मला बोलायला सांगितलंय. शाळेत असताना दर नोव्हेंबरला आम्ही लिंबू आणि मीठ घेऊन शेजारच्या लेअर शहरात असेच दगड घासायला जायचो, ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं असावं.

मी काय सांगणार ते ठरलंय. आपल्या कपाची गोष्ट. इथे विद्यापीठात मी ती सांगते तेव्हा मुलं गप्प होतात. पोलाकांना गाव सोडायला लावलं तेव्हा त्यांनी घरातले सगळ्यांत चांगले चहाचे कप पणजोबांकडे सांभाळायला दिले. परत याल तेव्हा यातूनच चहा पिऊ, असं पणजोबा म्हणाले. ते आलेच नाहीत. म्हणून दर नववर्षाला आपण त्याच कपांत चहा पितो आणि सहावा कप पालथा ठेवतो, पोलाकांसाठी. लहानपणी मी त्या कपाला हात लावला तर तुम्ही माझ्या बोटांवर चापट मारायचात.

माझ्या खोलीशेजारी लेनार्ट राहतो. तो म्हणतो, मी दोन हजार तीनमध्ये जन्मलो, मी कुणाला मारलं नाही, मला या सगळ्याशी काय देणंघेणं? त्याचं असं ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला मी कपाची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघ, अशीही माणसं होती, आणि ती माझ्या घरातली होती.

आणखी एक. पोलाकांची नात सापडली आहे. नोएमी तिचं नाव. सत्तरी ओलांडलेली, तिकडे उरुग्वेत, मोंटेव्हिडिओत राहते. पोलाकांपैकी एकटी त्यांची मुलगी हाना वाचली, तिची ही मुलगी. समारंभाला ती येणार आहे. पुढच्या रविवारी आम्ही व्हिडिओवर बोलणार आहोत, तेव्हा कपांचं तिला सांगते, केवढी खूश होईल. पणजोबा नेमकं काय म्हणाले, तेव्हा घरात कोण कोण होतं, ते मला सविस्तर लिहून पाठवा.

तुमची,
टोमके


ओस्टरझील, २० जानेवारी

टोमके पोरी,

पत्र मिळालं. यंत्र डबीतच आहे, त्यातून वाऱ्याचा आवाज फार येतो, आणि वारा ऐकायला मला यंत्र लागत नाही.

इथे पाऊस, चिखल आणि निवडणूक. दिव्याच्या खांबाखांबावर पाट्या. एका पाटीवरचा मनुष्य म्हणतो, आता पुरे झालं, किती दिवस मान खाली घालून चालायचं? त्याचे कागद रोज माझ्या पेटीत येऊन पडतात. शेगडी पेटवायला बरे आहेत.

शेजारची अल्मुथ रोज दुपारी चहाला येते. तुला माहीत आहेच, पाहुण्याने चमचा कपात ठेवेपर्यंत आपण ओतत राहायचं, आणि तीन कपांच्या आत उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. अल्मुथचा चमचा बशीतून हलतच नाही. माझी खडीसाखर तिच्यापायी संपत आली. साय मात्र ती स्वतःची आणते, एवढं खरं.

दगड बसवा. चांगलं काम आहे. चार शब्द बोला, फुलं ठेवा आणि घरी जा. पण कपांचं मध्ये कशाला आणतेस? ती घरातली गोष्ट आहे, चावडीवर सांगायची नाही. नेमकं काय झालं ते मला काय विचारतेस? चाळीस साली मी पाळण्यात होतो. वडील असल्या गोष्टी बोलत नसत.

आणि त्या बाईला माझ्याकडे आणू नकोस. माझे गुडघे दुखतात, घरात पसारा आहे. तिला कप दाखवण्याबिखवण्याचं तू कबूल केलं असशील तर तुझं तू निस्तर.

आजोबा


लाइपझिग, ३ फेब्रुवारी

आजोबा,

मी नोएमीशी बोलले. तुम्ही पाळण्यात होता म्हणे. सेहेचाळीस साली तुम्ही सात वर्षांचे होता, आजोबा. सात वर्षांचं पोर पाळण्यात नसतं.

मी तिला सगळी गोष्ट सांगितली. मोठ्या उत्साहाने, हातवारे करकरून. पालथा कप, नववर्ष, सगळं. तिने मला मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "झाली का तुझी गोष्ट सांगून?" आणि मग तिने तिची सांगितली, अगदी सावकाश, कालचं किराणा सामान सांगावं तशी.

फेब्रुवारी चाळीसमध्ये पोलाकांना गाव सोडायचा हुकूम आला. जायच्या आधी त्यांच्याच बैठकीच्या खोलीत त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. गल्लीतली सगळी माणसं आली. नोएमीच्या आजीला टेबलाशी उभं करून एकेक भांडं उचलून दाखवायला लावलं, तडा नाही म्हणून. चहाच्या संचावर सगळ्यांत मोठी बोली लावली ती माझ्या पणजोबांनी. ओक्को उल्फर्ट्स, चहाचे व्यापारी. सामान उचलून ते निघाले तेव्हा ती बाई त्यांना म्हणाली, "किटलीचं झाकण सैल आहे, ओतताना बोट ठेवा."

आजोबा, आपल्या घरात सगळेच झाकणावर बोट ठेवून ओततात. तुम्ही, बाबा, मी. मला वाटायचं ही आपली घरची ढब आहे. मी ती मैत्रिणींना कौतुकाने दाखवते.

आईबापांनी हानाला सीमेपलीकडे हॉलंडमध्ये मावशीकडे धाडलं, तिथे एका माळ्यावर लपून ती वाचली. बाकीचे गेले. सेहेचाळीसमध्ये ती गावात परत आली आणि तिने तुमचं दार वाजवलं. पणजीने तिला आत घेतलं. चहा मिळत नव्हता त्या दिवसांत, तरी पणजीने खरा चहा केला आणि तिला तिच्या आईच्याच कपात ओतून दिला. हानाने एवढंच मागितलं: हे कप मला द्या, माझ्याकडे आईचं काहीच नाही. पणजोबा म्हणाले, रीतसर पैसे देऊन घेतलेत. तिने चमचा कपात ठेवला आणि उठली. पहिल्याच कपाला.

तो आपला सहावा कप. तो वाट बघत नव्हता. पोलाकांपैकी एक मुलगी आली होती, आजोबा, आपल्या टेबलापाशी बसली होती, आणि आपण तिला हाकललं. आणि त्याच कपाची तुम्ही सगळ्यांनी मला परीकथा करून सांगितलीत. मी ती शाळेत सांगितली, बक्षीस घेतलं. लेनार्टला ऐकवून त्याचं तोंड बंद केलं. आणि ज्या बाईच्या आईला आपण नाही म्हटलं, तिलाच मी ऐकवली. मला त्या क्षणी जमिनीने गिळावं असं वाटलं.

लेनार्ट बरा. तो म्हणतो मला देणंघेणं नाही, निदान खोटं तरी बोलत नाही. मी काय करत होते? दगड घासून घासून स्वतःचं तोंड बघत होते त्यात.

खरं काय ते लिहा. या वेळी गुडघे मध्ये आणू नका.

टोमके


ओस्टरझील, ११ फेब्रुवारी

टोमके,

तुझं पत्र वाचलं. दोन दिवस अल्मुथला आजारी आहे म्हणून दारातून परत पाठवलं.

हो. मी टेबलाखाली होतो. चहाबरोबर साखरेचा खडा मिळेल म्हणून बसलो होतो. मला तिचे बूट आठवतात, पुरुषाचे होते, फार मोठे. कपात चमचा ठेवल्याचा आवाज ऐकला. ती गेल्यावर आईने तो कप उचलला, धुतला, आणि त्यानंतर कधीही त्यात चहा ओतला नाही. दर नववर्षाला ती तो पालथा ठेवायची. वडिलांनी एकदा विचारलं, हे काय नाटक? ती म्हणाली, "पोलाकांचा आहे." बस, एवढंच. बाकीची गोष्ट त्यावर कशी चढत गेली ते मला सांगता येणार नाही. तुझ्या बापाला मी सांगितली तेव्हा थोडी गोड केली, त्याने तुला सांगताना आणखी गोड केली. लहान मुलाला काय सांगायचं असतं?

पण आता माझंही ऐक. फक्त उल्फर्ट्सांनी घेतलं का? त्या दिवशी त्या खोलीत सगळी गल्ली होती. अल्मुथच्या घरात जे कोरीव काचेचं कपाट आहे, ज्यात ती नातवंडांचे फोटो मांडते, ते पोलाकांचं आहे. नगराध्यक्ष त्या दिवशी गळ्यात साखळी घालून भाषण करतील ना? त्यांच्या आजोळी पोलाकांच्या पलंगावर तीन पिढ्या जन्मल्या. कुणी त्यांचं नाव घेतलं? ऐंशी वर्षांत एकदा तरी? आमच्या टेबलावर निदान नाव होतं. बाकीच्यांनी नावावर रंधा फिरवला आणि वर वॉर्निश लावलं.

आणि तू. तू काय केलंस? काही नाही केलंस, करायचं काही तुझ्या वाट्याला आलंच नाही. तुझे हात स्वच्छ आहेत कारण तू उशिरा जन्मलीस, त्यात तुझी कर्तबगारी नाही. दुसऱ्याच्या बापाला फाशी देणं फार सोपं असतं, टोमके. तो माझा बाप होता. मला डाइकवर, समुद्राच्या बांधावर, खांद्यावर बसवून न्यायचा. त्याला मी गल्लीत उभं करून चोर म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस. म्हटलंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

आजोबा


लाइपझिग, २२ फेब्रुवारी

आजोबा,

तुमचं पत्र मी फाडणार होते. मग शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि ठेवून दिलं. माझ्या हातांबद्दल तुम्ही बोललात ते बरोबर आहे, तेवढ्यापुरतं.

मी नोएमीशी पुन्हा बोलले. खरं सांगते, रडले. म्हटलं, मला फार अपराधी वाटतंय, मी काय करू? ती चिडली. पहिल्यांदाच आवाज चढला तिचा. म्हणाली, "तू काही केलेलं नाहीस, तर मग रडतेस कशाला? आता मी तुझी समजूत घालू का? माझ्या आईची समजूत घालायला तुमच्या गल्लीतलं कुणी आलं नव्हतं."

मी विचारलं, मग मी बोलू नको का समारंभात? ती म्हणाली, बोल की. फक्त खोटं बोलू नको. तुमच्या मुलांचं हे असंच असतं म्हणाली, तुम्हाला एकतर काहीच ऐकायचं नसतं, नाहीतर मिठी मारून माफी हवी असते. या दोन्हींच्या मध्ये एक साधी गोष्ट असते, झालं ते जसं झालं तसं सांगणं, आणि ती कुणाला जमत नाही.

म्हणून मी सांगणार आहे. पणजोबांना चोर म्हणणार नाही. लिलाव झाला, त्यांनी कप घेतले, हाना आली, त्यांनी दिले नाहीत. एवढीच चार वाक्यं. कुणाला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. अल्मुथच्या कपाटाचा आणि नगराध्यक्षांच्या पलंगाचा विषय मी काढणार नाही, ते त्यांचं त्यांनी बोलायचं आहे. सगळ्यांनी घेतलं हे तुम्ही मला ढाल म्हणून दिलंत, पण मला ते ऐकून जास्तच संताप आला. सगळ्यांनी घेतलं म्हणजे एकटा कुणीच बोलणार नाही, ना? मग सुरुवात आपण करायची.

तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा. बोलू नका काही. नुसते उभे राहा. मी तुमच्या दारात यायचं की नाही ते तुम्ही त्या दिवशी ठरवा.

टोमके


लाइपझिग, १६ मार्च

आजोबा,

तुम्ही आला नाहीत.

मी तुमची खिडकी बघत होते. पडदा हलला. तुम्ही पडद्याआड होता, हे मला माहीत आहे, कारण तुमच्या घरात दुसरं कुणी राहत नाही. रस्ता ओलांडायचा होता, आजोबा. रुंदीने घोडागाडी जाईल एवढा रस्ता.

दगड बसवणारा गुडघ्यावर बसून वाळू ठोकत होता. बँडमधल्या दोन मुलींनी बासरी वाजवली. नगराध्यक्ष बोलले, असं पुन्हा कधी होऊ नये वगैरे. मग मी ती चार वाक्यं बोलले. ओक्को उल्फर्ट्स हे नाव घेतलं तेव्हा मागे कुणीतरी खोकलं. अल्मुथ माझ्याकडे बघत नव्हती, तुमच्या खिडकीकडे बघत होती. संपल्यावर कुणी माझ्याशी हात मिळवला नाही. दरवर्षी मला केक पाठवणाऱ्या गेर्डेसकाकू शेजारून गेल्या आणि "आजोबांना फार लागेल हं हे," एवढं म्हणाल्या. पोलाकांना काय लागलं होतं ते एका माणसाने विचारलं नाही.

नोएमी बोलली नाही. दगडांपाशी वाकली, एकेका नावावरून बोट फिरवलं. जाताना मला म्हणाली, "बरं केलंस." मिठी मारली नाही. मी मागितलीही नाही.

मी स्टेशनवर गेले. तुमच्या दारावरून गेले, थांबले नाही. तुम्हीच सांगितलं होतं येऊ नको म्हणून, आणि मी तुमचं ऐकते.

टोमके


ओस्टरझील, २४ मार्च

टोमके पोरी,

मी पडद्याआड होतो. बूट घातले होते, टोपीही घातली होती. दाराची कडी काढली आणि पुन्हा घातली. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही, तू काय समजायचं ते समज.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. मला वाटलं अल्मुथ. दारात एक बुटकी बाई, राखाडी कोट, हातात मोठी रिकामी पिशवी. म्हणाली, मी हानाची मुलगी. आणि हे ती आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, टोमके, आजकालच्या नव्हे, माझ्या आईच्या. ते शब्द मी चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. मी बाजूला सरलो आणि ती आत आली.

मी पाणी ठेवलं. दुसरे कप काढावेत असं एकदा मनात आलं, मग तेच काढले. पाच उताणे मांडले आणि सहावा नेहमीसारखा पालथा. झाकणावर बोट ठेवून ओतलं. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. खडीसाखर तडकली, साय वर आली. तिने एक कप घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. चमचा बशीतच. मी चौथा ओतला. तिने तोही घेतला. एवढ्या वेळात आम्ही फक्त हवेबद्दल बोललो.

मग तिने विचारलं, "तेव्हा तुम्ही घरात होता?" मी म्हटलं, होतो, याच टेबलाखाली. तिने विचारलं, "हे कप कुणाचे?" मी म्हटलं, "तुमचे." ऐंशी वर्षं या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि तो उच्चारायला काही वेळ लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. माझ्या वडिलांनाही लागला नसता.

ती उठली आणि कप धुतले. मला हात लावू दिला नाही. गुंडाळायला कागद मागितला. माझ्याकडे कागद म्हणजे त्या निवडणुकीतल्या मनुष्याचे, आता पुरे झालं म्हणणाऱ्याचे, तेच दिले. किटली त्यात गेली, बशा गेल्या, पाच कप गेले. पालथा कप मी तिच्याकडे सरकवला. तिने विचारलं, आईने चमचा ठेवला तो हाच का? मी हो म्हटलं. तिने तो माझ्याकडे परत सरकवला.

"हा तुमच्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "हा तिने तुम्हाला परत केला होता."

आभार मानले नाहीत तिने. मानायचे तरी कशाचे? पिशवी मी टॅक्सीपर्यंत नेली. रस्त्यात तुझे ते दगड लागले. मी त्यांच्यावर पाय देणार नाही अशा बेताने चाललो, तर ती म्हणाली, पाय पडला तर पडू दे, फक्त वाचत चला.

मी तुला एवढ्यावर पत्र संपवणार होतो. पण काल एक झालं ते सांगितलं पाहिजे.

अल्मुथ चहाला आली. समारंभानंतर पहिल्यांदाच. तुझ्याबद्दल तिला बरंच काही बोलायचं होतं. आजकालच्या पोरांना घरच्यांची लाज वाटते, बापजाद्यांना गल्लीत उघडं करतात, त्यांना काय माहीत तेव्हा काय दिवस होते. मी तिला चहा ओतला. साधे पांढरे कप, दुकानातले. ती बघतच राहिली. कपाटाकडे बघितलं, ते रिकामं. विचारलं, फोक्को, तुमचा चांगला संच कुठे गेला?

मी म्हटलं, "ज्यांचा होता त्यांनी नेला."

तिने कप तोंडाला लावला. आणि मग, टोमके, मला काय वाटलं कोण जाणे. राग आला असेल. तिचा नाही नुसता, त्या खोकणाऱ्याचा, गेर्डेसबाईचा, माझ्या बापाचा, पडद्याआडच्या स्वतःचाही. मी तिला विचारलं, "अल्मुथ, तुमचं ते काचेचं कपाट कुणाचं?"

पन्नास वर्षं ती माझ्याकडे चहा पिते. पाच कपांच्या आत कधी उठली नाही.

तिने चमचा उचलला आणि कपात ठेवला. पहिल्याच कपाला.

मी तो आवाज ओळखतो. या वेळी मी टेबलाखाली नव्हतो.

ईस्टरला ये. पोलाकांचा कप आता उताणा ठेवलाय. चहा पांढऱ्या कपांतूनच प्यावा लागेल.

तुझा,
आजोबा